कूलर बंद करून पाहिलेलं भूत

बारावीच्या पेपरांना सुपरव्हिजन करताना वर्गात एक वेळ अशी येते, की सगळे आवाज एकदम खाली बसतात. पेपर वाटून झालेले असतात, सह्या झालेल्या असतात, पुरवणी मागणारे हात अजून वर व्हायचे असतात. नुसती पेनांची कुरकुर. खिडकीबाहेर कडुलिंबाला फुलोरा आलेला असतो आणि ऊन तापायला लागलं की त्याचा तो गोडसर, जरा कडवट वास वर्गात शिरतो. नांदेडला मार्च असा नाकातून येतो. यंदाही आला. मी बाकांमधून फिरत होते. एका मुलीनं लिहिता लिहिता मान वर केली, क्षणभर वर्गाच्या दाराकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. एवढंच. पण मला प्रज्ञा आठवली. प्रज्ञा आठवली की तिचा तो उन्हाळा आठवतो, आणि तो उन्हाळा आठवला की भर परीक्षेच्या वर्गात हसू दाबणं अवघड जातं.

प्रज्ञा माझी भाची. माझ्या धाकट्या भावाची, मिलिंदची मुलगी. मिलिंदचं औशाला बी-बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. पोरगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि आमच्या भागातल्या सगळ्या हुशार पोरींचं होतं तेच तिचंही झालं. तिची पेटी लातूरला गेली. औसा ते लातूर अंतर ते काय! पण एकदा शिकवण्यांच्या त्या गल्ल्यांमध्ये माणूस शिरलं की औसा काय आणि काश्मीर काय, सारखंच लांब. मी एकदा तिला भेटायला गेले होते. एका इमारतीत किती मुली राहत होत्या कोण जाणे. जिन्यात वाळत घातलेल्या ओढण्या, मेसच्या डब्यांची रांग, आणि प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं वेळापत्रक. प्रज्ञा मला सोडायला खालपर्यंत आली आणि रसवंतीवर आम्ही उसाचा रस प्यायलो. ती सारखी घड्याळ बघत होती. ग्लास अर्धा ठेवून म्हणाली, "आत्या, जाते मी." चरकाची घुंगरं वाजत राहिली, आणि मी तिच्या पाठीवरची ती भलीमोठी सॅक गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

मेडिकलच्या प्रवेशाची परीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. औशाला गेली नाही. "थोडे दिवस नांदेडला राहू दे तिला," असं वहिनीच मला फोनवर म्हणाली होती. आली आणि झोपली. उठली की जेवायची, पुन्हा झोपायची. बोलायची नाही. लहानपणी एका दमात गावभरच्या बातम्या सांगणारी पोरगी, आता विचारलेल्याचं तेवढं उत्तर द्यायची, तेही चार पर्यायांतून एक निवडल्यासारखं. संध्याकाळी मिलिंदचा फोन यायचा.

"उत्तरं आली म्हणं नेटवर. मिळवून बघितली का?"

"नाही पप्पा."

"मग बघ की. अंदाज तर येईल."

"बघते."

की फोन माझ्या हातात. मिलिंद वाईट नाही हो. दुकानात शेतकऱ्याशी तासभर सोयाबीनवर बोलेल, त्याच्या बैलाची विचारपूस करेल. पण लेकीशी बोलायचं म्हटलं की त्याला मार्कांपलीकडचा विषय सुचायचा नाही. दोन वर्षांत दोघांमधले बाकीचे सगळे शब्द कुठं तरी सांडून गेले होते.

आमच्या घरात तेव्हा चार माणसं. मी, माझा नवरा सुधाकर, माझे वडील आणि पाहुणी प्रज्ञा. सुधाकर रेल्वेत, ड्युटी कधी सकाळची कधी रात्रीची, त्यामुळं मिळेल तेव्हा मिळेल तिथं झोपायची त्याला सवय. बाबा निवृत्त शिक्षक. हयातभर लातूर जिल्ह्यातल्या खेड्यांत नोकरी केली, आई गेल्यावर माझ्याकडे आले. घरात बुद्धाची तसबीर आणि वर्तमानपत्रं, याखेरीज बाबांना काही लागत नाही. आणि हो, वाद घालायला एक माणूस लागतं. ते वरच्या मजल्यावर होतंच.

शकूमावशी. मूळच्या लातूरजवळच्या मुरुडच्या, चांगल्या मोठ्या शेतकरी घरातल्या. मुलाच्या नोकरीमुळं नांदेडला आलेल्या, पण मन अजून मुरुडच्या वावरात. दुपारच्या चहाला त्या खाली यायच्या आणि बाबांशी भांडायच्या. मावशींचा भुताखेतांवर गाढ विश्वास. कोणत्या चिंचेवर कोण बसतं, कोणत्या विहिरीवर कोण पाणी भरतं, सगळं त्यांना ठाऊक. बाबांना हे ऐकवत नसे.

"शकुंतलाबाई, तुम्ही स्वतः पाहिलंय का एक तरी भूत?"

"मी कशाला बगू? माज्या चुलत सासूनं बघितलंय की!"

असं रोज. दोघांनाही त्याशिवाय चहा गोड लागत नसावा.

तर अशा घरात एका दुपारी प्रज्ञा झोपेतून उठून आली आणि म्हणाली, "आत्या, तुझ्या टीव्हीवर एक सिनेमा लावू? कोरियन आहे. भुताचा."

इतक्या दिवसांत तिनं स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. मी तेव्हा गच्चीवरून कुरडया घेऊन खाली आले होते. तिनं मला स्मशानात चल म्हटलं असतं तरी मी चप्पल घातली असती. भूत हा शब्द ऐकून मावशींनी बशी खाली ठेवली. बाबांनी चष्मा पुसला. ते बघणार होते ते चुका काढण्यासाठी, असं त्यांनी आधीच जाहीर केलं. सुधाकर ड्युटीवरून आलेला, तोही लोडाला टेकला. खिडकीला वाकळ टांगली, तरी नांदेडचं मे महिन्यातलं ऊन वाकळेच्या टाक्या-टाक्यांतून आत येत होतं. कूलर घरघरत होता. वाळ्याच्या पडद्याचा ओला वास, समोर मातीच्या माठातलं पाणी, आणि टीव्हीच्या पडद्यावर धुक्यात बुडालेला एक डोंगर.

सिनेमात एक तरुण मुलगी. डोंगरातल्या एका घरात सासरी आलेली. नवरा कामाला परगावी. घरात आजेसासू आणि एक मुका दीर. रोज अंधार पडायला लागला की दारावर टकटक होते. आजेसासू म्हणते, उघडायचं नाही. गाव म्हणतं, उघडायचं नाही. बस्स. यानंतर सिनेमात बराच वेळ काहीही होत नाही. मुलगी भात शिजवते. अंगणात मातीच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या, त्यांची झाकणं पुसते. पाऊलवाटेवरून कुणी येतंय का बघते. कुणी येत नाही. संध्याकाळ होते, टकटक होते, ती उठते, दाराजवळ जाऊन उभी राहते आणि परत येते.

खालची अक्षरं इंग्रजीत. मावशींना ती यायची नाहीत आणि बाबांना ती वाचेपर्यंत निघून जायची. म्हणून प्रज्ञा मोठ्यानं मराठीत सांगायला लागली. सुरुवातीला अगदी पुस्तकी. "आजी म्हणत आहे की, कृपया दार उघडू नकोस." मावशींनी तिला थांबवलं. "आगं, म्हातारी कोरियाची असली तरी कृपया म्हनंल व्हय सुनंला?" प्रज्ञा हसली. पुढच्या वेळी म्हातारी बोलली तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "ए बया, दाराला हात लावशील तर बघ!" आणि तिथून पुढं ती म्हातारी औसा तालुक्यातली झाली. गावचा कारभारी लातुरी बोलायला लागला. मुलीचं ते तीन तुकड्यांचं नाव मावशींच्या जिभेवर बसेना, तेव्हा त्यांनी तिचं छबू असं बारसं केलं आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं.

मी सिनेमा कमी आणि प्रज्ञाला जास्त बघत होते. किती दिवसांनी तिचा एवढा आवाज ऐकत होते! म्हातारीचा घोगरा, दिराचे हातवारे, छबूचं हळूच पुटपुटणं. आवाजाला जरा गंज चढला होता, पण तो सुटत होता.

भानगड झाली ती अर्ध्या सिनेमानंतर. टकटक थांबली होती आणि आता दाराबाहेरून काही तरी वेगळंच सुरू झालं होतं. पण काय, ते कळेना.

"आवाज वाढीव की गं."

"फुल आहे मावशी."

"मग भूत बोलंना कामून?"

"बोलत नाही ते. श्वास घेतंय."

सगळ्यांनी कान टवकारले. कूलरच्या घरघरीपुढं कोरियन भुताच्या श्वासाचं काही चालेना. मावशी तडक उठल्या आणि कूलरचं बटण बंद केलं. पाठोपाठ पंखाही. मे महिन्याच्या दुपारी नांदेडात पंखा बंद करणं म्हणजे काय, हे नांदेडकरालाच कळेल. क्षणात खोली भट्टी झाली. बाबांच्या कपाळावरून घाम चष्म्यावर उतरला. मावशी पदरानं वारा घ्यायला लागल्या, तर प्रज्ञा म्हणाली, पदराचाही आवाज येतोय. त्या थांबल्या. आम्ही सगळे घामानं निथळत, श्वास रोखून, एका लाकडी दाराकडे बघत होतो. दारापलीकडं कुणी तरी हळूहळू श्वास घेत होतं. आणि मग अगदी जवळून, खोलीतूनच, एक लांबलचक घरघर ऐकू आली. मावशींनी माझा दंड असा धरला की वळ उठले.

सुधाकर घोरत होता.

हसून हसून आमची पुरेवाट झाली. प्रज्ञा तर गालिच्यावर आडवी झाली. सिनेमा थांबवावा लागला. पाणी पिऊन झालं, सुधाकरला आतल्या खोलीत पाठवलं, आणि पुन्हा कूलर बंद करून आम्ही बसलो.

पुढं एक भिक्खू आला. काषाय रंगाचं नव्हे, राखाडी चीवर, हातात लाकडी टाळासारखं काही तरी. त्याला पाहून बाबांनी नकळत हात जोडले. "बघा, बुद्धाचा देश," ते मावशींना म्हणाले. पण भिक्खूनं झोळीतून पिवळा कागद काढला, त्यावर तांबड्या शाईनं काही तरी लिहिलं आणि तो दारावर चिकटवला. बाबा उठून उभे राहिले. "हा कसला भिक्खू? दारावर तोडगा लावून राहिला!" मावशींना इतका आनंद झाला की त्या घाम विसरल्या.

शेवट असा. एका संध्याकाळी टकटक होते. छबू उठते, दाराशी जाते आणि या वेळी परत फिरत नाही. कडी काढते. दार उघडतं. बाहेर काय आहे, ते आपल्याला दाखवतच नाहीत. दिसतो फक्त तिचा चेहरा. ती खूप वेळ बघते. मग जरा बाजूला सरकते, कुणाला तरी आत यायला वाट द्यावी तशी. किंवा स्वतः बाहेर पडण्याआधी माणूस जसा क्षणभर दाराला टेकतो तशी. आणि पडदा काळा.

मी उठून कूलर लावला. मग मावशी म्हणाल्या, "आन् भूत कुठाय?"

तिथून जे भांडण सुरू झालं ते सगळा उन्हाळा पुरलं.

मावशींचं म्हणणं, ही चक्क फसवणूक आहे. भूत असेल तर दिसायला पाहिजे. पाय उलटे, केस मोकळे, निदान एक किंकाळी! "आमच्या मुरुडात यापेक्षा जास्ती भूत हाय." बाबांचं म्हणणं, सिनेमा उत्तम आहे, कारण त्यात भूत नाहीच. बाहेर कुणी नव्हतं. दार वाजत होतं ते तिच्या मनात. सुधाकरनं दुसऱ्या दिवशी आपलं मत दिलं की सिनेमा फार चांगला असावा, एवढी गाढ झोप त्याला महिन्यात लागली नव्हती. गल्लीत बातमी पसरली. माझ्या कॉलेजातल्या दोघी-तिघींनी तो पाहिला आणि स्टाफरूममध्ये पेपर तपासायचं सोडून तट पडले. एकीनं मध्येच बंद केला होता, तिला पुढं काय झालं ते ऐकायचं होतं. दुसरी म्हणाली, तिला दोन दिवस संध्याकाळी जिन्यात जायची भीती वाटली. कशाची, विचारलं तर सांगता येईना. "काही झालंच नाही ना त्यात, म्हणूनच," ती म्हणाली.

एके दिवशी चहाच्या वेळी वाद फार तापला. मावशी म्हणाल्या, "मास्तर, मनात दार वाजतंय तर मग ते सगळ्या गावाला कसं ऐकू येतंय?" बाबांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, हरले. पण ते खिडकीबाहेर बघत बोलायला लागले.

निलंग्याकडच्या एका गावात ते नवीन मास्तर म्हणून गेले होते तेव्हाची गोष्ट. मी ती कधी ऐकली नव्हती. गावातल्या एका घरात भानामती झाली म्हणून बोभाटा होता. पत्र्यावर दगड पडायचे, वाळत घातलेली लुगडी पेटायची, शिजवलेल्या भातात माती निघायची. देवऋषी येऊन गेले, अंगारे-धुपारे झाले. बाबा पडले चिकित्सक. ते रोज शाळा सुटल्यावर त्या घरी जाऊन बसायला लागले. मंत्र नाही, तंत्र नाही, नुसते ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे. घरात नवी सून होती. ती कधी बोलायची नाही, चहा ठेवून आत जायची. असे कितीतरी दिवस गेले. एकदा चहा ठेवता ठेवता तिनं खालच्या आवाजात विचारलं, "मास्तर, तुमच्या शाळंत थोरल्या बायका बसत्यात का?"

"मग?" प्रज्ञानं विचारलं. ती कधी येऊन उंबऱ्यात बसली होती, मला कळलंच नाही.

"मग काय. तिची शाळा लग्नापायी सुटली होती. मी सासऱ्याला समजावलं. लई बोलावं लागलं, पण तयार झाला. संध्याकाळी लेकराबाळांबरोबर तीही यायला लागली. सातवी पास झाली माझ्या बदलीआधी."

"आणि दगड?"

"बंद झाले."

"म्हणजे तीच मारत होती?"

बाबा हसले. "ते मी कधी विचारलं नाही गं. कशाला विचारायचं?"

मावशींनी बशीतल्या चहावर फुंकर घातली. मग म्हणाल्या, "पोरीच्या दाराशी इतकी रोज रोज कोण येतंय सांगू का? माय येती. छबूची माय असंल भाईर. म्हनून तर तिला भ्या वाटलं न्हाई." असं म्हणून त्यांनी चहा संपवला आणि बाबांनी त्यांच्या कपात आणखी थोडा ओतला.

या सगळ्यात मिलिंद कसा शिरला, ते सांगायचं राहिलं. त्याचा रोजचा फोन आला तेव्हा मागं हा गोंधळ चाललेला असायचा. "काय चाललंय तिकडं?" त्यानं विचारलं. प्रज्ञानं सांगितलं. दोनेक दिवसांनी भर दुपारी त्याचा फोन. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, त्यानं मोबाइलवर सिनेमा पाहिला होता.

"बकवास! नुसतं दार बघून राहिलो मी!"

"पण पूर्ण पाहिलात ना पप्पा?"

"आता काही तरी होईल, आता काही तरी होईल, म्हणून बघत गेलो. शेवटी काय? काहीच न्हाई!"

"झालं की. तिनं दार उघडलं."

"त्याला एवढा वेळ?"

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. फोन स्पीकरवर होता आणि प्रज्ञा खिडकीच्या कठड्यावर पाय वर घेऊन बसली होती. तिच्या आवाजात धार होती, खट्याळपणा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मिलिंदनं सिनेमा परत पाहिला होता, केवळ लेकीला चूक ठरवायला. त्या मुक्या दिरावर त्याचा संशय होता. त्याच्या पायाला चिखल दिसतो, म्हणजे दार तोच वाजवत होता! प्रज्ञानं सांगितलं, तसं असेल तर शेवटाकडं आजेसासू मरते, त्या संध्याकाळी तो घरात होता, तरी टकटक झालीच. मिलिंद म्हणाला, थांब, बघून सांगतो. त्या महिन्यात दुकानात युरिया मागायला आलेल्या किती माणसांनी तो कोरियन डोंगर काउंटरवर पाहिला असेल, कुणास ठाऊक. औशातही दोन पक्ष पडले होते म्हणे. फवारणीचं औषध घ्यायला आलेला एक म्हातारा दीर निर्दोष आहे असं ठामपणे सांगून गेला.

आणि एका संध्याकाळी, असंच हसत-भांडत असताना, मिलिंद म्हणाला, "मला एक सांग, ती पोरगी एवढी घुसमटून राहिली होती तर निघून का न्हाई गेली? दार तर आतूनच बंद होतं ना?"

प्रज्ञानं फोन जरा जवळ घेतला. बाहेर कुठं तरी कुल्फीवाल्याची घंटा वाजत गेली.

"घरातली माणसं नको म्हणत होती ना पप्पा," ती म्हणाली. "आणि ती माणसं वाईट पण नव्हती."

पलीकडून दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. मग मिलिंद म्हणाला, "जेवली का?" ती म्हणाली, "हो." तो म्हणाला, "बरं, जेव." आणि ठेवला. त्या रात्री वहिनीचा मला फोन आला. मिलिंद लवकर झोपला होता, न जेवता. "काय झालं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, सिनेमाचं चाललंय.

निकाल लागला तेव्हा पेरणीची वेळ जवळ आली होती. बियाण्याच्या दुकानदाराला त्या दिवसांत नाक शिंकायला फुरसत नसते. प्रज्ञाचे मार्क फार वाईट नव्हते, पण मेडिकलला पुरणारे नव्हते. तिनं ते मला दाखवले आणि माठातलं पाणी घेऊन गटागट प्यायली. मिलिंदला मी कळवलं. तो "हं" म्हणाला. त्या दिवशी त्याचा पुन्हा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची बेल वाजली. मिलिंद उभा. हातात केशर आंब्यांची पिशवी, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. पेरणीच्या तोंडावर दुकान वहिनीवर टाकून तो आला होता. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदा.

तो बसला. पाणी घेतलं. बाबांशी हवामानावर बोलला. प्रज्ञा समोर बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. तो आंबे कसे पिकवलेत ते सांगत राहिला. शेवटी तीच म्हणाली, "पप्पा, विचारा ना."

"काय?"

"मार्कांचं."

"मला माहीत हायत," तो म्हणाला. त्यानं पिशवीतले आंबे एकेक करून परातीत मांडले. "मी ते विचारायला आलो न्हाई. तुला काय करायचंय, ते ऐकायला आलो. तुला जेव्हा सांगावं वाटेल तेव्हा सांग. मी आज मुक्काम करून राहिलो."

बाबा उठून गच्चीत गेले. मीही जायला निघाले तर प्रज्ञानं माझा हात धरला. आणि मग ती बोलली. लातूरच्या खोलीत मला झोप यायची नाही, पानं वाचायची पण अक्षरं पुढं सरकायची नाहीत, फोनवर तुम्ही मार्क विचारायचात आणि मला सांगायचं असायचं की मला इथं श्वास घेता येत नाहीये, पण ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून द्यायचं तेच कळायचं नाही. ती रडली नाही. मिलिंद रडला. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत म्हणाला, "मग न्हाई करायचं. सोडून दे. दुसरं काही शिक."

"तेच सांगत नाहीये मी," प्रज्ञा म्हणाली. "परीक्षा मी परत देणार आहे. पण लातूरला नाही जाणार. घरी राहून करणार. आणि तुम्ही मार्क विचारायचे नाहीत. दुसरं काहीही विचारा."

ती सोडणार असं मी धरून चालले होते. तिला स्वतःच्या मनानं चालायचं होतं, एवढंच.

पुढच्या वर्षीही मेडिकलला थोडं कमीच पडलं. पण जनावरांच्या डॉक्टरकीला नंबर लागला, आणि ती यादीत नाव बघून अशी उडाली की माझा मोबाइल पडून फुटला. आता उदगीरला आहे. फोन केला की म्हशींच्या गोष्टी सांगते. तिकडच्या म्हशींना मराठीपेक्षा कानडी लवकर कळते म्हणे, म्हणून ती कानडी शिकून राहिली आहे. बाबांचं आणि मावशींचं छबूवरून अजून एकमत झालेलं नाही. गेल्याच महिन्यात मावशींनी सुनेच्या माहेरच्या पाहुण्यांना तो सिनेमा दाखवला आणि मतं मोजून खाली सांगायला आल्या.

पण मला सारखा आठवतो तो त्या मुक्कामानंतरचा सकाळचा स्टँड. दोघांना सोडायला मी गेले होते. सोलापूरची गाडी लागली, ती त्यांना औशाला उतरवणार होती. मिलिंदनं खिडकीची जागा लेकीला दिली. काच बंद होती, धुळीनं माखलेली. मी खाली उभी राहून हात हलवत होते, पण माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मिलिंद हातवारे करून काही तरी ठासून सांगत होता. प्रज्ञा मान हलवत होती, नाही, नाही. तिनं बोटं मोजून त्याला काही तरी ऐकवलं. त्यानं कपाळावर हात मारला. ती हसली, आणि तोही. काय चाललंय ते मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी मागं आली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली, तरी दोघांचं भांडण चालूच होतं.